शिवलेले खिसे

हात नेहमीसारखा खाली गेला आणि खिशात न शिरता कोटावरून घसरून मांडीवर आला. सुईताई जिन्यात होती. एका हातात चहाचा रिकामा कप, दुसऱ्या हाताला रुमाल हवा होता, आणि शिंक अगदी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेली. हात पुन्हा वर गेला, पुन्हा घसरला. शिंक जिरून गेली. मग आठवलं, हा खिसा आपणच शिवलाय. काल दुपारी, आपल्याच मशीनवर, बारीक टाका घालून. आणि टीप सरळ आली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतलीय. ती जिन्यात तशीच उभी राहिली. वरून बुटांच्या विभागातली दोन पोरं धडधडत उतरली, "काय ताई, वाट चुकलात?" म्हणून हसत पुढे गेली. त्यांच्याही कोटांना खिशांच्या जागी नुसत्या झडपा होत्या, आणि त्यांचे हात चालताना जरा जास्तच हलत होते. परक्याच्या घरात पाहुण्याला कुठे बसावं कळू नये तसे.

तयार कपड्यांचं ते चार मजली दुकान होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर मालखोलीच्या मागे सुईताईची खोली. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं, बाकी सगळ्यांना ती सुईताई. गिऱ्हाइकाची पँट आखूड करायची, बाह्या वर घ्यायच्या, कंबर सोडायची किंवा आवळायची, असं तिचं तेवीस वर्षं चाललं होतं. माणसं आरशासमोर पोट आत ओढून उभी राहत. ती गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या धरून, खालून त्यांच्याकडे बघत असे. त्यांनी श्वास सोडेपर्यंत ती थांबे आणि मगच माप घेई. कुणाचं पोट किती सुटलंय हे तिला त्यांच्या घरच्यांआधी कळत असे, पण तिने ते कधी तोंडावर दिसू दिलं नाही.

सोमवारी सकाळी इस्त्रीसाहेब ढकलगाडी घेऊन आला होता. वयाने तिच्या मुलासारखा, विभागाचा व्यवस्थापक. बसताना पँटची घडी मोडू नये म्हणून गुडघ्याशी कापड चिमटीत धरून बसायचा, म्हणून इस्त्रीसाहेब. गाडीत कोट होते, दुकानातल्या शहाऐंशी माणसांचे, करड्या रंगाचे.

"ताई, हे एवढं शनिवारपर्यंत व्हायला हवं."

"काय करायचंय?"

"खिसे बंद करायचे. दोन्ही. आतला असेल तर तोही."

"फाटलेत का?"

"नाही हो. बंदच करायचे. वरून आलंय." त्याने परिपत्रक पुढे केलं. गणवेशाचे खिसे फुगल्यामुळे एकंदर पेहराव बेढब दिसतो, सबब सर्व कर्मचाऱ्यांचा पेहराव एकसारखा व नीटनेटका राहावा म्हणून, वगैरे. खासगी सामानासाठी प्रत्येकाला दुकानातर्फे एक पारदर्शक पिशवी मिळणार होती. मालाच्या मोजणीत टायपिना, रुमाल, पट्ट्यांची बकलं असल्या बारीकसारीक वस्तू कमी भरल्या होत्या, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण कागदावर चोरी हा शब्द औषधालाही नव्हता. तो असता तर कुणीतरी भांडलं असतं. फुगवट्याशी कोण भांडणार?

सुईताईही भांडली नव्हती. काम आलं, तिने बॉबिन भरली. खिशांत राहिलेल्या वस्तू काढून पाकिटात घालायच्या, पाकिटावर नंबर टाकायचा, मग झडपेखाली टीप मारायची. कुणाच्या खिशात अर्धा कंगवा निघाला, कुणाच्या खोकल्याच्या गोळ्या, कुणाच्या खिशात पाढ्यांचा कागद, मुलाच्या अक्षरातला आणि बापाच्या अक्षरात दुरुस्त केलेला. अत्तरांच्या विभागातल्या नव्या मुलीच्या खिशात नुसती चार वेळा घडी घातलेली चिठ्ठी होती. ती तिने उघडली नाही, पण हातात धरली तेव्हा आपण कुणाच्या तरी घरात कडी न वाजवता शिरलोय असं वाटलं. मग तेही वाटेनासं झालं. वीस कोट झाल्यावर हाताला लय सापडते आणि हात एकदा लयीत पडला की डोकं सुटीवर जातं. मंगळवारी दुपारी तिने आपलाही कोट त्याच लयीत मशीनखाली सरकवला. बुधवारी, म्हणजे आज, त्या जिन्यात पाऊल टाकेपर्यंत एक्केचाळीस कोट झाले होते.

संध्याकाळी मागच्या दाराशी रांग होती. कर्मचारी तिथूनच बाहेर पडत. दारावर वॉचमन बसायचा, दांडगा गडी, पण आवाज इतका बारीक की फोनवर लोक त्याला बाई समजत. आजवर तो कुणाला काही विचारत नसे, "उद्या या" एवढंच सगळ्यांना म्हणायचा. सुईताईच्या पुढे मोजेवाल्या काकू होत्या. मोज्यांच्या विभागात एकतीस वर्षं, दुकानातल्या सर्वांत जुन्या. काकू दाराशी आल्या, काहीएक कारण नसताना त्यांनी दोन्ही तळहात वॉचमनसमोर पसरले, उलटसुलट करून दाखवले आणि हसल्या. "बघून घे बाबा, काही नाही हो माझ्याकडे!" वॉचमनही हसला. मागची दोन-तीन माणसं हसली. सुईताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तो हसण्याचा आवाज तिने आधी ऐकला होता. तेव्हा ती सात वर्षांची होती, दुसऱ्याच्या घराच्या पायऱ्यांवर बसलेली, शाळेतून येऊन आईची वाट बघत. आई त्या घरी धुणीभांडी करायची, झाडायची, मालकिणीच्या म्हाताऱ्या सासूला आंघोळ घालायची. संध्याकाळी काम उरकलं की आई आपला लांब तपकिरी कोट अंगात घालायची, दारात उभी राहायची आणि दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे करायची. आतलं पांढरं अस्तर कुत्र्याच्या कानांसारखं दोन्ही बाजूंना लोंबायचं. "येते हं बाई," असं म्हणून ती हसायची. मालकीण मान हलवायची, कधी बघायचीसुद्धा नाही. आणि पायऱ्या उतरता उतरता आई खिसे आत ढकलायची. अस्तर आत जाताना बारीक सळसळ होई. एवढ्या वर्षांत सुईताईने हजारो खिसे उलटेसुलटे केले असतील, पण तो आवाज कधी तिच्या कानावर पडलाच नव्हता. आज रस्त्यावर, सिग्नलला थांबलेल्या गर्दीत, तो पडला. एकदा तिने आईला विचारलं होतं, त्या बाईंनी सांगितलंय का असं दाखवायला? आई म्हणाली होती, "छे गं. आपणच दाखवायचं. म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही." त्या वयात तिला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आपली आई किती हुशार, विचारायच्या आधीच उत्तर देते. सिग्नल सुटला, माणसं तिला दोन्ही बाजूंनी ओलांडून गेली, आणि ती पदपथाच्या कडेला उभी राहून हिशोबच लावत बसली की आईने किती वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, ते अस्तर जगाला दाखवलं असेल. आकडा काही जुळेना. पण एक गोष्ट जुळली. उद्या आपण बेचाळिसावा कोट मशीनखाली घालणार नाही.

हे ठरवायला तिला कष्ट पडले नाहीत, याचंच तिला नवल वाटलं. गुरुवारी सकाळी ती खोलीत आली, खुर्चीवर बसली, आपला कोट मांडीवर घेतला आणि ब्लेडच्या टोकाने टाके उचलायला लागली. बारीक टाका उसवायला वेळ लागतो. ती एकेक उचलत गेली. झडपेखाली छोट्या छिद्रांची ओळ राहिली. तिने ती नखाने घासली, वाफेची इस्त्री फिरवली, तरी ओळ गेली नाही. मग कोट अंगात घातला, रुमाल खिशात टाकला आणि उरलेले पंचेचाळीस कोट ढकलगाडीत रचून इस्त्रीसाहेबाच्या टेबलापाशी नेऊन उभी राहिली.

"झाले पण?" तो खूश झाला.

"नाही. हे मी करणार नाही."

"बरं नाही का?"

"ठणठणीत आहे. पण खिसे शिवणार नाही. शिवलेत त्यातले ज्याला उघडून हवेत त्याचे उघडून देईन."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "ताई, तुमच्यावर कुणाचा संशय आहे का? उगाच मनाला लावून घेताय."

"माझ्यावर नाही ना? मग कुणावर आहे?"

"कुणावरच नाही हो! दिसायला नीट दिसावं म्हणून..."

"मग गिऱ्हाइकांचेही शिवून देऊ? त्यांचे तर जास्त फुगतात."

त्याला हसू आलं आणि त्याने ते गिळलं. वाईट नव्हता पोरगा. "मला वर सांगावं लागेल," तो म्हणाला. ती म्हणाली, "सांग की." त्याला ती पहिल्यांदाच अरेतुरे करत होती, हे दोघांच्याही लक्षात आलं. खिसे उघडून घ्यायला मात्र त्या दिवशी कुणीही फिरकलं नाही. बातमी चारही मजल्यांवर पोचली होती. तिला बघून माणसं प्रेमाने, जरा जास्तच प्रेमाने, मान हलवत होती. आजारी माणसाला बघून हलवतात तशी. जेवणाच्या सुटीत मोजेवाल्या काकू जवळ येऊन कुजबुजल्या, "कशाला गं डोळ्यावर येतेस? थोडी वर्षं राहिलीत, गुपचूप काढ."

संध्याकाळी घरी आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. एकोणऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, पण बोटं अजून शाबूत. सुईताई समोर बसली, चार शेंगा हातात घेतल्या आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझ्यासाठी केलं मी हे, आई." आईचे हात थांबले.

"माझ्यासाठी कशाला?"

"तू रोज ते खिसे उलटे करून दाखवायचीस. काही नसताना. कुणी विचारलं नसताना."

आईने वाटीतले दाणे बोटाने सारखे केले. मग म्हणाली, "तुझे ते लाल हातमोजे आठवतात?"

आठवत होते. मऊ लोकरीचे, मनगटाशी पांढरी पट्टी. आठव्या वर्षी मिळालेले. मालकिणीने दिलेत, त्यांच्या मुलीला लहान झालेत, असं आई म्हणाली होती. शाळेत सगळ्या मुली ते हातात घालून बघायच्या.

"दिले नव्हते," आई म्हणाली. "घेतले मी. तुझी बोटं फुटायची गारठ्याने, रक्त यायचं. त्यांच्याकडे पेटीत सहा जोड पडले होते."

"खिसे तर तू दाखवायचीस."

"खिशात कोण ठेवतं?" आईला हसू फुटलं, तेच हसू. "कोटाच्या खालच्या दुमडीत. दोन टाके उसवले, आत सरकवले, दोन टाके घातले. खिसे उलटे केल्यावर कोटाकडे कोण बघतंय?"

सुईताई उठली, ओट्याशी गेली, नळ सोडला आणि काहीच न धुता बंद केला. दोन दिवस ती ज्या फळीवर पाय रोवून उभी होती ती फळी कुणीतरी खालून ओढून घेतली होती. आई निर्दोष होती म्हणून तर ते अस्तर तिच्या कानांत सळसळलं होतं. आता काय, साहेबाचं परिपत्रक बरोबर? मालकिणीने खरंच खिसे तपासायला हवे होते? पण तपासून सापडलं काय असतं! तिला एकदम ती दुमड दिसली, दोन टाके, आणि दिव्याजवळ कोट घेऊन बसलेली आई. तेव्हा सुईताईच्या आजच्या वयाच्या निम्म्या वयाची. हातमोजे न्यायला एक दिवस लागला होता. खिसे ती वर्षानुवर्षं दाखवत राहिली, हातमोजे कधीच आखूड होऊन टाकून दिले त्याच्यानंतरही. तो दंड कोणत्या कायद्यात बसत होता? चोर असो की साव, माणसाला आपल्या अंगावर झाकलेली एवढीशी जागा लागते, रुमालापुरती, चिठ्ठीपुरती. ती चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून मिळत नसते. ती परत येऊन बसली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" आई म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली. जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, "उद्या काय करणारेस?"

"तेच. आज केलं ते."

शुक्रवारी दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. चौथ्या मजल्यावर, गालिच्याच्या खोलीत. बाई मालकांच्या घरातल्या, सुईताईच्याच वयाच्या. त्यांच्या तीन पोशाखांची कंबर तिने गेल्या वर्षी सोडून दिली होती, आणि दोघींनाही ते पाठ होतं.

"तेवीस वर्षांत तुमची एक तक्रार नाही," बाई म्हणाल्या. "आणि आता हे. तुम्हाला म्हणायचंय की आमची सगळी माणसं प्रामाणिक आहेत?"

"तसं नाही म्हणत."

"मग हमी देता? खिसे उघडे ठेवले तर काही जाणार नाही?"

बुधवारी विचारलं असतं तर तिने छातीवर हात ठेवून हमी दिली असती. "नाही देत," ती म्हणाली. "जाईलही एखादं. ज्याला न्यायचंय तो दुमडीतून नेईल, बुटातून नेईल. तुम्ही त्याला शोधा, सापडला तर काढून टाका. पण एकासाठी शहाऐंशी जणांचे खिसे माझ्या हाताने शिवले जाणार नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. असं उत्तर त्यांच्या तयारीत नसावं. मग त्यांनी वाट काढली, कचेरीतली माणसं काढतात तशी, कुणाचंच काही न मोडणारी. "हे बघा, तुम्ही आत बसता. गिऱ्हाइकांसमोर फारशा येत नाही. उद्यापासून कोट घालूच नका. साधे कपडे घाला, हवे तेवढे खिसे लावून. बाकीचं काम आम्ही बाहेरच्या शिंप्याकडे देतो."

दोन श्वासांपुरतं तिला ते फार गोड वाटलं. घरचे कपडे, घरचे खिसे, निवृत्तीपर्यंत कुणाची कटकट नाही. मग तिला पायऱ्यांवर बसलेली ती मुलगी दिसली, आई हुशार आहे असं समजणारी. "कोट घालणार," ती म्हणाली. "उघड्या खिशाचा."

"मग दारावर तुमची झडती होईल. रोज. एकट्या तुमची."

"होऊ दे."

संध्याकाळी रांगेत तिच्या पुढे-मागे जरा जास्तच अंतर होतं. वॉचमनला वरून सांगून झालं होतं. तिला बघून तो स्टुलावरून उठला. दोन महिन्यांपूर्वीच तिने त्याच्या मुलीचा शाळेचा झगा उसवून लांब करून दिला होता. "ताई," तो त्या बारीक आवाजात म्हणाला, "तेवढा खिसा उलटा करून दाखवा ना. झालं मग."

तिचा हात आपसूक खिशापर्यंत गेला. चिमटीत अस्तर आलंसुद्धा. तिने हात बाहेर काढला, दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि उभी राहिली. "मी नाही दाखवणार. तुम्हाला बघायचंय ना? तुम्ही हात घाला."

"अहो ताई, काहीतरीच काय..."

"नियम आहे. घाला."

वॉचमनने हात पुढे केला, खिशापासून वितीभर अंतरावर थांबवला. त्याच्या बोटांवर घाम चमकत होता. तिला वाटलं, आता तो जा म्हणेल. त्याने तसं म्हटलंही. ती हलली नाही. शेवटी त्याने दोन बोटं आत घातली, रुमालाला लागल्याबरोबर चटका बसल्यासारखी काढून घेतली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "उद्या येते," ती म्हणाली. शनिवारी ती पुन्हा हात लांब धरून उभी राहिली. सोमवारी पुन्हा.

मंगळवारी अत्तरवाली मुलगी कोट घेऊन खोलीत आली. "ताई, माझाही उघडा." सुईताईने तिला बसवलं, झडती कशी असते ते सांगितलं, परपुरुषाचा हात खिशात येईल हेही सांगितलं. मुलगी म्हणाली, "येऊ दे. त्या पारदर्शक पिशवीतून माझं सगळं सामान सगळं दुकान बघतं, त्यापेक्षा बरं." त्या संध्याकाळी दोघी हात पसरून उभ्या राहिल्या. पाढ्यांच्या कागदाचा बाप तिसऱ्या दिवशी आला, मग बुटांच्या विभागातली ती दोन पोरं. दुसऱ्या आठवड्यात दाराशी सतरा माणसं ओळीने हात लांब करून उभी राहायची आणि रांग जिन्यापर्यंत जायची. एका संध्याकाळी अत्तरवालीसमोर वॉचमनचा हात उठलाच नाही. तो तिला तिथेच सोडून जिना चढून चौथ्या मजल्यावर गेला. वर काय बोलला ते कुणालाच नीट कळलं नाही. इस्त्रीसाहेबाच्या सांगण्याप्रमाणे एवढंच, "माझ्या पोरीएवढ्या पोरी आहेत बाई, मला हे जमायचं नाही. दुसरा माणूस बघा." दुसरा माणूस मिळाला नाही, की बघितलाच नाही, कोण जाणे. सोमवारी सूचनांच्या फळ्यावरून परिपत्रक गेलं होतं. नवं काही लागलं नाही. सुईताईला एक ताकिदीचं पत्र मिळालं, तिने सही करून घेतलं.

अजून शिवलेले होते ते कोट उसवायला तिला अडीच दिवस लागले. माणसं येत, पाकिटं नेत, हात खिशात घालून बघत, आणि काढायला विसरत. शेवटी मोजेवाल्या काकू आल्या. कोट अंगातच होता. दाराशी घुटमळल्या.

"या काकू. काढा कोट, पाच मिनिटांचं काम."

"नको गं," काकू म्हणाल्या. "माझा राहू दे शिवलेला. एकतीस वर्षं काढली, आता शेवटाला कुणी बोट दाखवायला नको. मला आपलं असंच बरं वाटतं. रागावू नकोस."

बोलण्यासारखं सुईताईकडे पुष्कळ होतं, जिभेवर आलंही होतं. तिने काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे हसू नव्हतं, भीतीही नव्हती. दमलेल्या माणसाची विनंती होती. "रागवत नाही," ती म्हणाली. "पण मग आलात कशाला?"

काकूंनी डावी झडप उचलून दाखवली. टीप एका टोकाला सुटली होती, बोट जाईल एवढी. सुईताईने दिवा जवळ ओढला, सुईत करडा दोरा ओवला आणि ती पक्की करून दिली.